बघू म्हणणाऱ्यांचा दलाल

सोलापुरात त्या काळी दलालांना तोटा नव्हता. सुताचे दलाल होते, भुसाराचे होते, घोड्याबैलांचे होते. लग्नं जुळवणारे तर गल्लीगणिक होते. पण तात्याबा मेटकऱ्याला कुणी विचारलं की बाबा, तू कशाचा दलाल, तर तो कानावरची बिडी काढून दातात धरायचा आणि म्हणायचा, "बघू म्हननाऱ्या मान्साकडनं व्हय म्हनवून घेतो. दुसरा मला धंदा न्हाय." ऐकणारा हसायचा. तात्याबा हसायचा नाही. 'बघू' या शब्दाचा त्याला खरोखरीचा तिटकारा होता. तोंडावर नाही म्हणणारा माणूस त्याला चालायचा, शिव्या देणारा तर आवडायचाच. पण लोडाला टेकून, पान चघळत, डोळे अर्धे मिटून 'बघू की, घाई काय हाय' म्हणणारा व्यापारी दिसला की त्याला वाटायचं, याच्या तोंडात पानाऐवजी कडबा कोंबावा.

ज्यांच्यासाठी तो हे होकार गोळा करायचा ते लोकही त्याच्या लेखी फार थोर नव्हते. शहरात काही रंगारी होते, कुणाचे चाकर नसलेले. तेलाच्या बाटलीवरची चिठ्ठी, बिडीच्या बंडलावरचा छाप, दुकानाची पाटी, नाटकवाल्यांचा पडदा, मोहरमचा ताबूत, जे मिळेल ते काढायचे. काम मिळालं की चार दिवस राजे, नाही मिळालं की महिनाभर फकीर. "देवानं ह्यांच्या बोटांत सगळं घातलं," तात्याबा म्हणायचा, "आन् जिभंला लावायला काय उरलंच न्हाय. बोलनाऱ्याची बोरं इकत्यात, ह्या मुक्यांचे आंबे सडत्यात." त्यांची चित्रं काखेत मारून तो पेठेत हिंडायचा, होकार आणायचा आणि आपला वाटा काढून घ्यायचा. त्यांच्यावर उपकार करतो असं तो कधी म्हणाला नाही, एवढा त्याचा प्रामाणिकपणा मान्य करायला हवा.

तात्याबा मूळचा मंगळवेढ्याकडच्या एका वाडीचा, धनगराचा. त्याचा बाप बाजारात शेळ्या आणि बोकड विकायचा, आणि तात्याबाची शाळा म्हणजे तोच बाजार. तिथं तो एक गोष्ट शिकला, की जे गिऱ्हाईक बोकडाला नावं ठेवतं तेच बोकड नेतं. दात बघ, खूर बघ, 'हे काय बोकड हाय व्हय, ही तर मांजर' म्हण, असं जो करतो त्याच्या मनात बोकड बसलेलं असतं. आणि जो लांबून 'वा, काय जनावर हाय' म्हणतो तो हातपाय धुऊन घरी जेवायला जातो. बाप आणखी एक करायचा. बोकडाला स्वच्छ धुवून आणायचा, पण मानेच्या केसात एक गोखरू मुद्दाम ठेवायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "अरं, ह्येच्या मानंत काटा हाय की," आणि स्वतःच्या हातानं काढायचं. एकदा हात लागला की बोकड अर्धं त्याचं झालं.

सोलापुरात येऊन तात्याबा आधी गिरणीत लागला. भोंग्यासरशी उठायचं आणि कुणाच्या तरी हुकमानं मान खाली घालायची, हे त्याला जमलं नाही. गिरणी सुटली आणि तो दिवसभर चहाच्या हॉटेलात बसू लागला. तिथंच त्याला मकदूम भेटला.

मकदूम बारीक अंगाचा, बोटांची नखं कायम हिरवी-निळी, आणि आवाज असा की समोरच्यानं कान पुढं करावा. शेजारच्या बाकावर तो एका तेलवाल्याला सिंहाचं चित्र दाखवत होता. सिंह असा होता की तात्याबाची नजर बशीतल्या चहावरून उठली. तेलवाल्यानं चित्र उलटंसुलटं केलं, जांभई दिली आणि म्हणाला, "बघू. ठेवून जा. घरात दाखवतो." मकदूम लगेच उठला, वाकून आदाब केला आणि चित्र तसंच टेबलावर ठेवून निघाला. असली ठेवून दिलेली चित्रं पुढं कुठं जातात हे तात्याबाला ठाऊक होतं. कुणातरी भाच्याकडून त्यावर तेलकट कागद ठेवून गिरवून घेतात, आणि महिन्याभरात तोच सिंह, एका डोळ्यानं काणा होऊन, बाटलीवर चिकटतो. तात्याबा उठला, ओळख ना पाळख, त्यानं टेबलावरचा कागद उचलला आणि गुंडाळला. "ऱ्हाऊ द्या शेट," तो म्हणाला. "दुसरा एक जन थांबलाय."

दुसरा कुणीही थांबलेला नव्हता. पण तेलवाल्याची जांभई अर्ध्यावर राहिली. "अरे थांब की, कोण थांबलाय?" तो म्हणाला. पान लागायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सिंहाचा व्यवहार ठरला. मकदूम दारात उभा राहून नुसता बघत होता. त्या दिवसापासून मकदूमच्या हाताला तात्याबाची जीभ मिळाली.

तात्याबाचे नियम साधे होते. कागद कुणाकडे ठेवायचा नाही. भाव सांगितला की तोंड मिटायचं, मग समोरचा खोकला, उठला, बसला तरी आपण बोलायचं नाही. आणि प्रत्येक चित्रात एक गोखरू ठेवायचं. मकदूमला हे शेवटचं फार जड गेलं. पोपट काढला तर शेपूट मुद्दाम लांब काढ, वाघ काढला तर एक पंजा मोठा काढ, असं तात्याबा सांगायचा. "तात्या, हात वळत न्हाय हो माझा," मकदूम गयावया करायचा. "वळव," तात्याबा म्हणायचा. "त्या बैलाला कायतरी दिसाया पायजे की न्हाय?" आणि तसंच व्हायचं. व्यापारी चित्र बघायचा, भुवई चढवायचा, "हे शेपूट जरा जास्त झालं" म्हणायचा. मग मकदूम त्याच्यासमोर शेपूट कमी करायचा, आणि व्यापारी जणू पोपटाला त्यानंच जन्म दिला अशा तोऱ्यात सगळ्या पेठेला सांगत सुटायचा. अशा माणसाला मग मागं फिरता येत नसे. गाढवांना गुळाची चव नसते, पण गूळ आपण निवडला असं वाटलं की ती खातात, हे तात्याबानं ओळखलं होतं.

असं बरं चाललं होतं. पण बरं म्हणजे किती, हे मकदूमच्या बायकोला, अजीजाला, विचारावं लागलं असतं. पेठेतलं काम म्हणजे वळवाचा पाऊस, आला तर आला. अजीजाचा भाऊ बडेसाब कुर्डुवाडीला छोट्या रेल्वेच्या वर्कशॉपात होता. डब्यांवर आकडे आणि अक्षरं रंगवायला माणूस पाहिजे म्हणून त्यानं निरोप पाठवला. महिन्याच्या महिन्याला पगार, राहायला खोली. मकदूम दोन दिवस जाऊन बघून आला. आल्यावर नुसतं तिथलं बुटकं इंजिन कागदावर काढत बसला.

तात्याबा हे ऐकून उखडलाच. "आकडे?" तो अजीजासमोर ओरडला. "सिंह काढनारा हात डब्यावर आकडे घालनार? भाभी, सोन्याच्या सुरीनं कांदं चिरताय व्हय?"

"कांदा तो रोज लगता ना, तात्याभाई," अजीजा म्हणाली. ती सुपात तांदूळ पाखडत होती आणि तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "दसऱ्यापर्यंत थांबती मी. दसऱ्यापर्यंत एक मोठं, कायमचं काम आनून दाखवा. न्हायतर आमी निघालो."

तात्याबानं छातीवर हात मारून आणतो म्हणून सांगितलं. त्याला हे काम मकदूमसाठी हवं होतं असं कुणी समजू नये. बाकीचे रंगारी म्हणजे भिंतीला चुना लावायच्या लायकीचे. मकदूम गेला तर तात्याबाच्या जिभेला विकायला मालच उरणार नव्हता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मोठं आणि कायमचं काम पेठेत एकाच माणसाकडे होतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. बसलिंगप्पा बिडीवाले. त्याच्या कारखान्यात पद्मशाली बायका दिवसभर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायच्या, आणि त्या बिड्या साध्या लाल कागदात गुंडाळून अक्कलकोटापासून मोडनिंबापर्यंत जायच्या. इतरांच्या बंडलावर पोपट होते, घोडे होते, पऱ्या होत्या. बसलिंगप्पालाही छाप हवा होता, निदान तो तसं म्हणायचा. छाप लागला की दर हंगामाला शिळाछापावर नवे कागद, दिवाळीला रंगीत तक्ता, दुकानादुकानावर पाट्या. रंगाऱ्याची ददात मिटली असती. पण बसलिंगप्पा म्हणजे असा प्राणी, की तहान लागली तर पाणी प्यावं की नाही हे तिघांना विचारून मग घसा कोरडा पडला म्हणून तक्रार करणारा. सहा महिने तो मकदूमची चित्रं बघत होता.

मोर दाखवला, तर मोराचे पाय वाईट असतात म्हणाला. वाघ दाखवला, तर वाघ बघून बायका घाबरतील. या माणसाच्या बिड्या बायका ओढत नव्हत्या, पण हे त्याला कोण सांगणार? स्वराज्याच्या चळवळीपायी शहरावर मार्शल लॉ लागला त्याला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळं तात्याबानं चरखा सुचवला तर बसलिंगप्पा दाराकडं बघत कुजबुजला, "चरखा काढला तर सरकार धरील की रे." मग राजमुकुट सुचवला. "मुकुट काढला तर पोरं दुकान जाळतील." नंदी काढून नेला तेव्हा तो क्षणभर खुलला, हात जोडले, आणि मग म्हणाला, "बिडी ओढून झाली की कागद कुटं जातो? गटारात. माझा नंदी गटारात पाडतोस व्हय?" ही एक गोष्ट तो बरोबर बोलला होता, आणि त्यामुळंच तात्याबाला त्याचा जास्त राग आला.

शेवटी मकदूमनं आपण होऊन एक चित्र आणलं. कुर्डुवाडीचं ते बुटकं इंजिन, पितळी पट्ट्याचं, धुराड्यातून धूर सोडत माळावरून चाललेलं. धूर असा की चित्राला नाक लावावंसं वाटावं. बिडीला याहून चांगला छाप कुठला? तात्याबानं त्यातही एक गोखरू ठेवायला सांगितलं. मकदूम पहिल्यांदाच 'न्हाय' म्हणाला. "ह्यात चूक करनार न्हाय, तात्या." तात्याबानं ते मकदूमचं नखरेलपण म्हणून सोडून दिलं.

बसलिंगप्पानं इंजिन हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "झकास," तो म्हणाला. "काय इंजिन हाय! चाकं फिरतात की रे तात्या! हौदू, हौदू, लई झकास." कानडीतलं हे 'हो, हो' ऐकून तात्याबा उलट सावध झाला. एवढं कौतुक करणारं गिऱ्हाईक बाजारात घरी जेवायला जातं. आणि खरंच बसलिंगप्पानं चित्र मांडीवर ठेवलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "बघू."

"अप्पा," तात्याबा दात आवळून म्हणाला, "आता बघायचं काय ऱ्हायलं?"

"तसं न्हाई रे. मेहुणा म्हनतो घे, बायको म्हनते नको. मठात इचारलं तर स्वामी म्हनतात मनाला इचार, आन् मन काय बोलतच न्हाई बघ." त्याचे डोळे खरोखर ओले झाले होते. "आता वीरभद्राला फूल लावतो सोमवारी. देव सांगंल तसं. तुमचं आनि देवाचं, दोघांचं एक होऊ दे."

तात्याबा चित्र गुंडाळून बाहेर पडला तो शिव्या देतच. एवढा गलेलठ्ठ माणूस, दाराशी दोन टांगे, आणि बिडीच्या कागदासाठी देवाला उठवतो! पण चार पावलं गेल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. मेहुणा, बायको, स्वामी यांना वळवता येत नव्हतं. देवाला वळवता येत होतं.

वीरभद्राचं देऊळ गल्लीच्या तोंडाशी होतं, खोलीएवढं. पुजारी सिद्धाराम. कौलाची रीत तिथं जुनी होती. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल पाण्यानं चिकटवायचं. विचारणाऱ्यानं हात जोडून आपला प्रश्न मनातल्या मनात विचारायचा. उजवं पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. तात्याबा सिद्धारामाजवळ जाऊन बसला. आधी ऊनपावसाच्या गोष्टी काढल्या, मग हळूच विषयाला हात घातला. डावं फूल गंधानं चिकटवलं आणि उजवं नुसत्या पाण्यानं, तर कुठलं आधी पडेल हे धनगराच्या पोरालासुद्धा कळत होतं.

सिद्धाराम काही संत नव्हता. त्यानं देवळाच्या दारच्या चौकटीकडं बोट दाखवलं. "किती वर्षं झाली, रंग उडालाय," तो म्हणाला. "कुणी वेलबुट्टी काढून देईल का बघतोय."

तात्याबानं मकदूमला कामाला लावलं. देवाची सेवा आहे, पुण्य लागेल, एवढंच सांगितलं. मकदूमनं दोन दिवस उन्हात उभं राहून चौकट रंगवली. वेलीत पाखरं बसवली, खाली दोन सिंह, वर दिव्यांची ओळ. जाणारे येणारे थांबून बघू लागले. मकदूमनं सोलापुरात काढलेलं सगळ्यात देखणं काम ते, आणि ते फुकट गेलं. रंगसुद्धा त्याच्या घरचे होते. तात्याबाला त्याचं काही वाटलं नाही. बी टाकल्याशिवाय पीक येत नाही, आणि बी दुसऱ्याचं असलं म्हणून काय बिघडलं?

सोमवारी सकाळी बसलिंगप्पा ओल्या धोतरानं देवळात आला. कपाळाला विभूती, अंगावर काटा. तात्याबा उंबऱ्याबाहेर, नुकत्याच रंगवलेल्या चौकटीला खांदा न लावता उभा राहिला. मकदूम पलीकडं पानपट्टीशी थांबला होता. त्याला एवढंच माहीत होतं की आज निकाल आहे. सिद्धारामानं दोन कण्हेरीची फुलं लावली. बसलिंगप्पानं डोळे मिटले, ओठ हलवले. घंटेचा आवाज विरला. बराच वेळ काही झालं नाही, आणि बसलिंगप्पा स्वतःच्या दोन्ही गालांत मारून घेऊ लागला. तात्याबाला त्या अजिजीची इतकी किळस आली की आपणच जाऊन फूल ओढावं असं वाटलं. मग उजव्या खांद्यावरचं फूल अलगद घसरलं आणि देवाच्या पायाशी पडलं.

बसलिंगप्पा आडवा झाला. उठला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. वर्षानुवर्षांचं मलूलपण कुणी पुसून टाकलं असावं, असा तो टवटवीत दिसत होता. बाहेर येऊन त्यानं तात्याबाला मिठी मारली, हातावर गूळखोबरं ठेवलं.

"उजवा दिला रे! देवानं उजवा दिला!"

"दिला की अप्पा," तात्याबा म्हणाला. त्यानं पलीकडं मकदूमला हात केला. "मग छापखान्यात कवा जायाचं? आजच शुभ हाय."

"कसला छापखाना?" बसलिंगप्पा हसला. "अरे, मी देवाला काय इचारलं? इचारलं, ही छापाची भानगड सोडून देऊ का? सा महिनं मला झोप न्हाई. मोर नको, वाघ नको, इंजिन नको. देव म्हनाला, दे सोडून! सुटलो रे बाबा. तुझं पन कल्याण होऊ दे." आणि जन्मात पहिल्यांदा एक निर्णय घेतलेला तो माणूस, ओलं धोतर सावरत, जवळजवळ नाचत घराकडे गेला.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तो असा. तात्याबाला ओरडायचं होतं, पण काय म्हणून ओरडणार? फूल मी पाडलं म्हणून? तो आत गेला आणि सिद्धारामावर उलटला. सिद्धाराम निर्माल्य गोळा करत होता. "उजवं पाड म्हणालास, उजवं पाडलं," तो शांतपणे म्हणाला. "त्याच्या मनात काय हाय ते तू इचारलं होतंस का?"

सहा महिने तात्याबा त्या माणसाच्या गादीसमोर बसला होता. रंग बदलले, पशू बदलले, पक्षी बदलले. छाप खरोखर पाहिजे का, हा एक प्रश्न त्यानं कधी टाकला नव्हता. बघू म्हणणारा प्रत्येक माणूस आतून हो म्हणणाराच असतो, फक्त त्याला ढकलायचं, एवढंच त्याचं शास्त्र. ते शास्त्र बोकडांपुरतं खरं होतं.

मकदूम रस्ता ओलांडून आला. तात्याबानं मान हलवली. मकदूमनं चौकटीवरच्या एका पाखराला राहिलेला ठिपका बोटावरच्या पानाच्या चुन्यानं दिला आणि म्हणाला, "जाऊ द्या तात्या." त्याच्या आवाजात दुःख होतं का, हे तात्याबानं ऐकलंच नाही. तो स्वतःच्या संतापात बुडाला होता.

दसऱ्यानंतर मकदूमचं बिऱ्हाड कुर्डुवाडीला गेलं. स्टेशनवर अजीजानं तात्याबाला वाटेसाठी केलेल्या भाकरीतली एक दिली. घरी येऊन तात्याबा बायकोपुढं, केराबाईपुढं, जगाला शिव्या घालत बसला. बसलिंगप्पा नामर्द, पुजारी लबाड, अजीजा गळ्यातलं लोढणं, मकदूम शेळपट. केराबाई शेळी पिळत होती. "मकदूमला तरी इचारलं व्हतं का," ती म्हणाली, "त्येला काय पायजे हाय म्हून?" तात्याबा म्हणाला, त्यात विचारायचं काय. शेळीनं लाथ मारली तेव्हा केराबाई शेळीलाच बोलली.

पुढं काय झालं ते सांगताना तात्याबाचं तोंड कडू व्हायचं. बसलिंगप्पाची बिडी बिनछापाची राहिली, आणि तीच धो धो खपू लागली. सगळ्या दुकानांत पोपट, परी, घोडे यांची इतकी गर्दी झाली की वाचता न येणाऱ्या माणसाला साधा लाल कागद लांबून ओळखू यायचा. "लाल दे," एवढं म्हटलं की झालं. बसलिंगप्पा लोडाला टेकून, हे सगळं वीरभद्रानं सांगितलं म्हणून ऐकवायचा. लोक त्याला दूरदृष्टीचा माणूस म्हणू लागले. तात्याबा स्वतःही तीच बिडी ओढायचा, कारण ती खरोखर चांगली होती, आणि प्रत्येक झुरक्याला बसलिंगप्पाला एक शिवी देऊन हिशेब बरोबर ठेवायचा.

धंदा मात्र बसत गेला. उरलेल्या रंगाऱ्यांच्या चित्रांत गोखरू मुद्दाम ठेवायची गरजच नव्हती. सगळं चित्रच गोखरू. दोनेक वर्षांनी एका नाटक कंपनीचा माणूस सोलापुरात आला, देवळाची चौकट बघून थबकला आणि ही कुणी रंगवली म्हणून विचारत तात्याबापर्यंत पोचला. नवे पडदे हवे होते. दरबार, जंगल, चांदणी रात्र. वर्षभराचं काम, आणि तात्याबानं आयुष्यात पाहिला नव्हता असा मोबदला. तात्याबानं पटका झटकला आणि कुर्डुवाडीची गाडी पकडली. सिंह काढणारा हात आकड्यांना कंटाळला असणार, याबद्दल त्याला तिळभर शंका नव्हती.

वर्कशॉपच्या दारात छोट्या रेल्वेचे डबे ओळीनं उभे होते. त्यांवरचे पांढरे आकडे इतके सरळ, इतके भरीव होते की तात्याबाला मकदूमचा हात ओळखायला वेळ लागला नाही, आणि या आंब्याचं इथं लोणचं घातलं म्हणून त्याला चीडही आली. मकदूम बाहेर आला. अंग भरलं होतं, निळा सदरा होता, आणि वाटेत उभ्या असलेल्या एका हमालाला त्यानं चक्क मोठ्या आवाजात बाजूला व्हायला सांगितलं. तात्याबा बघतच राहिला. मकदूमनं त्याला खोलीवर नेलं. अजीजानं चहा टाकला. भिंतीवर ते इंजिनाचं चित्र चौकटीत लावलेलं होतं.

तात्याबानं आपला सगळा बाजार मांडला. दरबाराचा पडदा रंगवून सांगितला, चांदणं पाडलं, कंपनीचं नाव, मुंबईपुण्याचे प्रयोग. मध्येच एक गोखरूही ठेवलं. कंपनीचा मालक जरा तिरसट आहे म्हणाला, म्हणजे मकदूमला काढायला काहीतरी काटा असावा. मकदूमनं तो काटा बघितला आणि ओळखून नुसता हसला. मग तात्याबानं मोबदला सांगितला आणि नियमाप्रमाणं तोंड मिटलं. चहा गार होईपर्यंत तो बोलला नाही. मकदूमही बोलला नाही. न बोलण्यात मकदूमचा हात धरणारा कुणी नव्हता, हे तात्याबा विसरला होता.

शेवटी मकदूमनं बशी खाली ठेवली. "लई चांगलं काम हाय, तात्या," तो म्हणाला. "झकास हाय. बघू. घरात इचारतो."

घर समोरच बसलं होतं. अजीजा बशा उचलत होती आणि तिला कुणी काही विचारलं नाही.

तात्याबाच्या कानशिलात रक्त चढलं. याच माणसाला टेबलावरून कागद उचलायला त्यानं शिकवलं होतं. मकदूम चिडला असता, भांडला असता, नाही म्हणून ओरडला असता, तर तात्याबानं त्याला दिवस मावळायच्या आत गाडीत बसवलं असतं. या मऊ, हसऱ्या, पाहुणचार करणाऱ्या 'बघू'पुढं मात्र त्याच्या हाताला काही लागेना. तो उठला, पटका डोक्याला गुंडाळला, आणि दारात जाऊन उभा राहिला. जन्मभर ज्यावर भाकरी खाल्ली ते वाक्य त्यानं काढलं.

"बघा मग. पन लवकर बघा. दुसरा एक जन थांबलाय."

मकदूम त्याला सोडायला दारापर्यंत आला होता. त्यानं पूर्वीसारखाच वाकून आदाब केला. त्याच्या चेहऱ्यावर टवाळी नव्हती. तो खरोखर मनापासून बोलत होता, आणि तेच तात्याबाला पुढं कधी विसरता आलं नाही.

"मग त्याला द्या की, तात्या," तो म्हणाला. "बिचारा कवाचा थांबलाय."